फाटकाबाहेरचा एक

किसना, उद्या अकोल्याची तारीख आहे. पहाटेच्या मोटारीने निघायचं आहे आणि शेजारच्या जागेवर कोणाला बसवावं हे मला कळत नाही. मागच्या खेपेला तू खिडकी धरली होतीस. मूर्तिजापूर येईपर्यंत लेबर साहेबांपुढे काय बोलायचं ते मला शिकवत होतास, आणि तिथून पुढे माझ्या खांद्यावर डोकं टाकून असा घोरलास की ड्रायव्हर मागे वळून पाहायला लागला. उतरताना वर म्हणालास, "झोपलो नव्हतो लेका, इचार करून राह्यलो होतो." उद्या तो विचार कोणी करायचा?

तुझी तेरवी झाली. जेवायला आले होते ते आता रस्त्यात भेटले की मान खाली घालतात, कारण भेटलं की तारखेचा विषय निघतो. कापसाची जिन पुन्हा सुरू झाली. बॉयलरवर नवा फायरमन आला. बिचारा चांगला आहे, पण भोंगा देताना दबकतो. तू भोंगा द्यायचास तो सगळ्या कारंजा गावाला उठवायला निघाल्यासारखा. मॅनेजर ओरडायचा, वाफ तुझ्या बापाची आहे का म्हणून, आणि तू दुसऱ्या दिवशी आणखी लांब द्यायचास.

मला तुझा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत. तू मला ज्या जागी उभं करून गेलास तिथून मला पुढे सरकता येत नाही आणि मागेही येता येत नाही. तुला यातलं सगळं ठाऊक आहे. पण माझं मलाच एकदा नीट मांडून पाहायचं आहे, आणि मांडायला दुसरं माणूस उरलेलं नाही.

दिवाळीनंतर आपण युनियनच्या मान्यतेचा अर्ज करायला बसलो होतो. लेबर साहेबांनी एवढंच विचारलं होतं की तुमची युनियन मालकाशी बोलणार ती नक्की कोणाच्या वतीने? कारखान्याचे कामगार म्हणजे कोण कोण, ते आधी ठरवा. जे त्यात बसतील त्यांच्यासाठी बोला, बाकीच्यांशी तुमचा संबंध नाही. जिनवर कापूस घालणाऱ्या बाया, गाठी बांधणारे प्रेसवाले, तेलवाले, फिटर म्हणजे मी, फायरमन म्हणजे तू, यांच्याबद्दल कोणाचा वाद नव्हता. वाद आला तो आवारावरून.

फाटकाबाहेर रस्त्याच्या अंगाला मोकळं आवार आहे, त्यात कापसाच्या गंज्या लागतात. तिथे बाया उन्हात बसून कापसातली किडकी कवडी, पाला, काड्या वेचतात. त्यांनी वेचलेला कापूसच आत जिनवर येतो. पण त्यांना आणतो मुकादम, आणि मजुरीही मुकादमच देतो. आपल्याला पितळी बिल्ला असतो, आत आलं की बोर्डावरच्या खिळ्याला लावायचा, जाताना काढून घ्यायचा. त्या बायांना बिल्ला नाही, बोर्ड नाही, खिळाही नाही. मी म्हणालो, त्या आपल्याच. तू म्हणालास, नाही.

तुझं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, हेच तर माझं दुखणं आहे. तू म्हणालास, साहेब पहिलाच प्रश्न विचारील की यांना कामावर ठेवतो कोण? आपण म्हणू मुकादम. मग तो म्हणेल, मुकादमाच्या माणसांचं कारखान्यापुढे काय काम? आणि त्यांच्याबरोबर आपलाही अर्ज केरात जाईल. "आंधी आतल्यायचं होऊ दे दिगांबर. आपले पाय टेकले का मंग त्यायले हात देऊ. दोघंही गायात फसलो तं कोन कोनाले काढीन?" मला उत्तर सुचलं नव्हतं. आजही सुचत नाही. मग तू सांगितलंस आणि मी लिहिलं: कारखान्याचा कामगार म्हणजे फाटकाच्या आत काम करणारा. मला वाक्य आवडलं नव्हतं, पण तुला ते फार आवडलं. पुन्हा पुन्हा वाचायला लावलंस. म्हणालास, याच्यातून मुंगीही सुटणार नाही.

आणि हे सगळं कोणी लिहवून घ्यावं? ज्याची स्वतःची बायको त्याच आवारात बसून कवडी वेचते त्याने! रुख्मा वहिनींच्या लुगड्याला ठिकठिकाणी भोकं होती. तुझ्या धुराड्यातून ठिणग्या उडायच्या आणि वारा आवाराकडे असला की बायांच्या अंगावर पडायच्या. मी तुला चिडवायचो की संसारात तू मालकाचा आणि वहिनी मुकादमाच्या, तुमचं जमतं कसं? तू म्हणायचास, म्हणूनच मजुरीवाढ मागत नाही ती. वहिनींनी मात्र एकदा माझ्यादेखत तुला ऐकवलं होतं की ठिणगीले फाटक समजत नाही. तू भाकरीचा तुकडा मोडत राहिलास.

तुझं एक मला कधी उमगलं नाही. हंगामाच्या मुहूर्ताला फाटकाच्या उंबऱ्यावर नारळ फोडायचा मान फायरमनचा. खोबरं वाटायचं ते आतल्यांनाच, बाहेरच्यांना द्यायची रीत नाही. तू दरवर्षी आपला वाटा धोतराच्या सोग्यात बांधून सरळ बाहेर जायचास आणि बायांना चिमूट चिमूट वाटून यायचास. म्हाताऱ्या कासाबाईला सगळ्यात मोठा तुकडा, तिला दात नव्हते तरी. मॅनेजर म्हणायचा, बायकोला नेतो. तू म्हणायचास, हो साहेब, मला बायका फार. असला माणूस. आणि तीच कासाबाई चार जणींना घेऊन युनियनच्या बैठकीला आली, आमालेही घ्या म्हणाली, तेव्हा तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास की तुमी मुकादमाच्या, आमच्या नाही. ती पायरीवर ठेवलेल्या चपला घालून निघून गेली. पुढे कितीतरी दिवस तू आवारातून न जाता मागच्या नाल्याकडून घरी जायचास. 

मग ती तारीख आली. कंपनीच्या वकिलाने मला सोडून तुला गाठलं. गोड आवाजात विचारलं, फाटकाबाहेरचा एक तरी माणूस तुमच्या युनियनचा सभासद आहे का? तू छाती काढून म्हणालास, "एकही नाही साहेब." वकील हसला. तुला वाटलं आपण जिंकलो. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? परत येताना आपण मूर्तिजापूरच्या स्टँडवर भजी खाल्ली आणि सगळ्या मोटारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसलो.

आता त्या दिवसाचं लिहितो. 

दुपारची सुट्टी होती. आपण बॉयलरखोलीच्या दारात बसून भाकर सोडली. तुझी भाकर जाड होती आणि एका अंगाने करपली होती. मी म्हणालो, वहिनींनी राग भाकरीवर काढलेला दिसतो. तू नुसता हसलास. मग मी पुन्हा आवाराचा विषय काढला. म्हणालो, किसना, अजून वेळ आहे, ते वाक्य बदलू. नेहमीसारखा उसळशील असं वाटलं होतं, पण उसळला नाहीस. कांदा फोडला, अर्धा मला दिलास. बराच वेळ फाटकाकडे पाहत राहिलास. मग म्हणालास, "संध्याकायी सांगतो तुले."

किसना, काय सांगणार होतास? त्या दिवसापासून मी हेच विचारत आलो आहे. जिनवर पट्टा चढवताना विचारतो, जेवताना विचारतो. बायको म्हणते तुम्ही एकटेच बोलत बसता. बोलतो खरा, उत्तर येत नाही.

सुट्टी संपली आणि थोड्या वेळात बाहेर आरडाओरडा झाला. गंजी पेटली होती. ठिणगीने की गाडीवानाच्या बिडीने, ते अजून कोणी ठरवलेलं नाही. वारा सुटला होता, कापूस असा पेटत गेला की एका गंजीवरून दुसऱ्या गंजीवर जायला त्याला वेळ लागला नाही. मी जिनखाली होतो. वर येऊन पाहतो तर तू बॉयलरची वाफ सोडून, ओलं पोतं अंगावर घेऊन फाटकातून बाहेर पडलेला. तुझ्यामागे मॅनेजर ओरडला, फाटक लावा, आग आत येईल. चौकीदाराने फाटक लावलं आणि साखळी घातली. मी आत राहिलो. नथ्थू प्रेसवाला, बाकी सगळे आतच राहिले. आम्ही गज धरून हलवत होतो, शिव्या देत होतो आणि तुला पाहत होतो.

तू कासाबाईला ओढून आणलंस. आणखी एकीला काखेत मारून आणलंस. बाकीच्या रस्त्यापलीकडे पळाल्या होत्या. मग तू तिथे उभा राहून ओरडलास, "किती जनी होत्या वं? सांगा ना, किती होत्या?" आणि कोणालाच सांगता येईना. मुकादम पळाला होता. एकीने म्हटलं सगळ्या निघाल्या, दुसरीने म्हटलं नाही, एक आगीत राहिली. फाटकाच्या आत आग लागली असती तर मी बोर्डाकडे नुसतं पाहून सांगितलं असतं की किती बिल्ले लटकत आहेत नि कोणाचे. बाहेरच्यांना बिल्ले नव्हते, कारण त्या कोणाच्या नव्हत्या. तू पोतं पुन्हा डोक्यावर घेतलंस आणि परत आगीत शिरलास. गंजी खचली ती तेव्हा.

आगीत कोणी नव्हतं रे. सगळ्या निघाल्या होत्या. जी बाई तिथे नव्हतीच तिला काढायला तू गेलास.

फाटक उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. दवाखान्यात नेलं. वहिनी धावत आल्या, त्यांनी तुझे पाय धरले, तू डोळे उघडले नाहीस. दिवस कलला. तू म्हणाला होतास ती संध्याकाळ झाली, आणि तू काही सांगितलं नाहीस.

दुसऱ्याच दिवसापासून जे सुरू झालं ते तू पाहिलं असतंस तर मॅनेजरला उचलून नाल्यात टाकलं असतंस. आम्ही वहिनींच्या भरपाईचं विचारायला गेलो. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं, हळहळ केली. मग म्हणाला, अपघात कारखान्यात झालेला नाही. फाटकाबाहेर झाला, मुकादमाच्या आवारात. कामाची जागा सोडून किसन कोणाला विचारून गेला? आणि बायकोसाठी गेला, ते त्याचं घरगुती काम. मी म्हणालो, बिल्ला तर खिळ्यालाच होता त्याचा, बोर्डाच्या हिशेबाने तो आतच होता. तो म्हणाला, बिल्ला काय, बिल्ल्याला पाय नसतात. मग टेबलावरचा आपला अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि तुझ्या वाक्यावर बोट ठेवलं. म्हणाला, हे तुम्हीच लिहिलंय ना? आम्हाला मान्य आहे. ज्याच्यातून मुंगी सुटणार नव्हती त्या वाक्यातून त्याने तुलाच बाहेर काढलं.

म्हणून मी म्हणालो की या तारखेला वाक्य बदलायचं. आवार कारखान्यात धरायचं, बायांना कामगार म्हणायचं, म्हणजे तूही कामावर मेलास असं होईल. आपल्या लोकांची बैठक घेतली. नथ्थूला तू ओळखतोस, तो वाईट माणूस नाही. तुझी तिरडी त्यानेच बांधली. तो रडत उठला आणि म्हणाला, "थे किसनाभाऊचं वाक्य हाये. मेलेल्या मानसाचा शबद मोडता का तुमी?" सगळे माना हलवायला लागले. पुढे म्हणाला, किसनाभाऊ वहिनीसाठी धावले, त्यांच्या जागी मीही धावलो असतो, पण नवराबायकोच्या मायेवरून कारखाना ठरत नसतो. आज बायांना आत घ्याल तर उद्या साहेब म्हणतील, यांना आपले सभासदच माहीत नाहीत, आणि सगळ्यांचा अर्ज फेटाळतील. मग हंगाम संपला की मालक आम्हाला एकेकाला निवडून घरी पाठवेल. पोरंबाळं आहेत आमची. खोटं नव्हतं त्याचं. हे सगळं तू मला पढवलेलंच होतं, फक्त आता ते नथ्थूच्या तोंडून येत होतं. मी एकटा पडलो. तू असतास तर तूही माझ्या विरुद्धच बसला असतास बहुतेक, पण निदान बसला तरी असतास.

तुझ्या घरी जायचं मी टाळत होतो. परवा गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी कासाबाई, हाताला पट्ट्या. मी खालीच बसलो आणि सगळं सांगितलं. मॅनेजर काय म्हणाला, नथ्थू काय म्हणाला, मेलेल्याचा शब्द कसा मोडायचा. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "माह्यासाठी गेले म्हन्तेत का थे? भाऊजी, मी तं त्या दिवशी कामरगावले होती. माह्या भावाकडं. त्यायनंच मले सकायी इथून मोटारीत बसोलं. दुपारच्या मोटारीनं उतरली तं स्टँडवरच समजलं मले."

 दवाखान्यात त्या धावत आल्या तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की आवारातूनच आल्या. मीही. कोणी विचारलं नाही. आवारात कोण असतं नि कोण नसतं हे आतल्या कोणाला कधी माहीत होतं? आणि ती जाड करपलेली भाकर! ती तू स्वतः थापली होतीस. मी वहिनींच्या रागाचं बोललो आणि तू नुसता हसलास. खरं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, सांग बरं? पण सांगशील कशाला, स्वतः भाकरी थापल्याचं कळलं असतं तर मी वर्षभर सोडलं नसतं तुला.

वहिनी पुढे म्हणाल्या, "मंग कोनासाठी गेले, सांगा."

कासाबाई रडायला लागली. मी उठून निघालो, तिथे थांबणं मला जमेना.

किसना, मी वेडा नाही. मला माहीत आहे, याने तुझं मत ठरत नाही. तू बैल अडकला असता तरी धावला असतास, नाल्याच्या पुरात कोणाची शेळी वाहत होती तेव्हा मी पाहिलं आहे तुला. धावणं वेगळं आणि साहेबांपुढे सांगणं वेगळं. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, धावलो खरा, पण अर्जात ते घालू नको दिगांबर. असंही म्हणाला असतास. त्या दुपारी फाटकाकडे पाहत तू काय ठरवत होतास ते आता कोणालाच कळणार नाही. मी जे करीन ते तुझ्या नावावर खपवता येणार नाही, माझ्याच नावावर करावं लागेल. याचीच मला भीती वाटते. आजवर भांडलो ते तू आहेस म्हणून. भिंतीला टेकून जोर लावावा तसा मी तुझ्यावर टेकून भांडत होतो. आता टेकायला काही नाही.

उद्या मी वाक्य बदला म्हटलं तर नथ्थू उठून विरोध करील, त्याने तसं तोंडावर सांगितलं आहे. वकील हसेल. साहेब घड्याळाकडे पाहतील. फार करून अर्ज जाईल, आपण दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन उभं केलेलं सगळं जाईल, आणि वहिनींना तरीही काही मिळणार नाही. तू आधीच सांगितलं होतंस तसं दोघंही गाळात. आणि नाही म्हटलं तर आतले वाचतील, कदाचित बरंच काही मिळवतील, आणि तू कायमचा बाहेरचा. हंगामाच्या मुहूर्ताला नवा फायरमन नारळ फोडील, आणि आम्ही आत उभे राहून खोबरं खाऊ. मला ते खोबरं गिळवणार नाही किसना. एवढंच आहे माझं कारण. कायद्याचं कारण माझ्याकडे नाही.

आज कामावरून निघताना मी बिल्ला काढला आणि मुद्दाम आवारातून गेलो. जळलेली जागा खरडून साफ केली आहे, वर नवी गंजी लागली आहे. बाया वेचत होत्या. कासाबाई होती, पट्ट्या बांधलेल्या हातांनी पाला बाजूला करत. मला पाहून तिने थोडं सरकून जागा दिली. मी थोडा वेळ बसलो. कवडी कशी ओळखायची ते मला येत नाही, जन्मभर कापसात काढूनही.

उद्या वकील पुन्हा तोच प्रश्न विचारणार, कारण तुझं उत्तर त्याला फार आवडलं होतं. फाटकाबाहेरचा एक तरी माणूस तुमच्या युनियनचा सभासद आहे का? नथ्थू माझ्याकडे पाहील. त्या खोलीत वहिनी असतील, त्या येणारच म्हणाल्या आहेत. मोटारीत त्यांना मी खिडकीशी बसवणार आहे.

तू दिलेलं उत्तर मी देणार नाही. साहेब, मी म्हणेन, होता. एक होता. आणि मग तुझं नाव सांगेन.